हॉलमध्ये हाडांच्या सापळ्याचं चित्र लावायचंय? मग आधी हे वाचा

आमच्या हॉलमध्ये भिंतीवर एक माणूस उभा आहे, अंगावर कातडी नाही, स्नायू पण थोडेच उरलेत, आणि त्याच्या मागे चक्क एक गेंडा. येणारा प्रत्येक जण आधी गेंड्याबद्दल विचारतो आणि मग "असलं आम्हालाही लावायचंय, कुठून आणलं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

विकत काही आणलेलं नाही, शरीररचनेच्या पुस्तकांतली ही चित्रं इतकी जुनी आहेत की फुकट मिळतात. लंडनचं वेलकम कलेक्शन आणि अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, दोघांच्या साइटवर भरपूर आहेत, फक्त चित्राखाली पब्लिक डोमेन (म्हणजे कॉपीराइट नाही, कुणीही वापरावं) लिहिलंय ना तेवढं बघून घ्या.

खरी मेहनत निवडण्यात आहे. नुसता पांढऱ्या पानावरचा सापळा लावलात तर हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटतं, त्यामुळे मागे काहीतरी चाललंय असंच चित्र घ्या. व्हेसालियस या शरीररचनातज्ज्ञाचं 1543 चं पुस्तक बघा, त्यातला एक सापळा थडग्यावर कोपर टेकून समोरच्या कवटीकडे बघत विचार करत उभाय, आणि कातडी सोललेले जे पुरुष आहेत त्यांच्या मागे डोंगर, गाव, पडकी बांधकामं असा देखावा आहे जो शेजारच्या पानांवर पुढे चालू राहतो. तीनचार एकत्र लावणार असाल तर आधी प्रिंट जमिनीवर मांडून देखावा कुठे जुळतो ते बघा, मगच फ्रेमवाल्याकडे जा.

आमचा गेंडा आल्बिनस या शरीररचनातज्ज्ञाच्या 1747 च्या पुस्तकातला, चित्रकार यान वांडेलार. ती गेंडी आहे खरं तर, नाव क्लारा, आपल्याकडचीच, आसाम-बंगालकडून डच जहाजातून 1741 मध्ये रॉटरडॅमला नेलेली, तिला बघायला युरोपभर गर्दी व्हायची. हे पाहुण्यांना सांगितलं की चहा होईपर्यंतची सोय होते.

ग्रेज अ‍ॅनाटॉमी या शरीररचनेच्या पुस्तकाची चित्रं (1858) काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर तर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. सातारकरांनी तरी त्याचं एखादं लावायलाच हवं! त्याने स्नायूंची नावं आकडे घालून बाजूला न देता बहुतेक ठिकाणी स्नायूवरच लिहिलीत, जवळून वाचायला मजा येते. पण ती चित्रं मुळात लहान आहेत, उगाच मोठी केली की रेषा जाडजूड दिसतात, त्यापेक्षा चार छोटी एकाच ओळीत लावा.

आता प्रिंट. माझा पहिला प्रयत्न वाया गेला कारण मोबाइलवर छान दिसली म्हणून 900 पिक्सेलची फाइल दिली, आणि ए थ्रीवर बरगड्यांच्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या आल्या. ए थ्रीला साधारण 3500 बाय 4950 पिक्सेल लागतात, 300 डीपीआयच्या (एका इंचात 300 ठिपके) हिशोबाने, ए टू असेल आणि लांबूनच बघणार असाल तर 200 डीपीआय पण चालतं. व्हेसालियसचं मूळ पान साधारण ए थ्रीएवढंच, त्यामुळे तो साइझ सगळ्यात बरा दिसतो. पानात बसवायला चित्र ताणू मात्र नका, माणूस लगेच बुटका किंवा लंबू होतो, चारी बाजूंनी कोरं सोडा.

कागद मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि बारीक रेषा दिसतच नाहीत. आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी फक्त छातीचा तुकडा, त्याच साइझमध्ये, ए फोरवर काढून घ्या. सावलीच्या जागी आडव्या-उभ्या रेषा वेगवेगळ्या दिसायला हव्यात, काळा डाग झाला असेल तर फाइल थोडी उजळ करा. जुन्या कागदाचा पिवळेपणा मी ठेवला, नवरा म्हणतो चहा सांडल्यासारखं दिसतं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

फ्रेम साधी काळी किंवा सागवानी, सोनेरी नक्षी नको. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, टाकायला सांगाच, दोन इंच रुंद तरी, तो नुसता शोभेला नसतो, त्याच्यामुळे काच कागदाला चिकटत नाही आणि पावसाळ्यात ओल धरली तरी प्रिंट वाचते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा म्हणजे हवा खेळते. ओल येणारी बाहेरची भिंत आणि थेट ऊन येणारी भिंत, दोन्ही बाद.

लावताना कॅलेंडरचा जुना खिळा वापरायचा मोह टाळा, तो नेहमी फार वर असतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांच्या आसपास आला पाहिजे. जड फ्रेम असेल तर ड्रिल करून गिट्टी ठोकून स्क्रू लावा.

आणि घरात मोठी माणसं असतील तर आधी विचारा. आमच्या सासूबाईंनी अटच घातली होती, की रात्री पाणी प्यायला उठल्यावर तो समोर दिसता कामा नये. म्हणून तो हॉलमध्ये, टीव्हीच्या भिंतीवर. आता सासूबाईच भिंत पुसताना क्लाराची काच आधी पुसतात.