इंजिन बदललं, पण तापमानाचा काटा हलेना

इंदूरला देवास नाक्यावर जुन्या पिकअपमध्ये कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं नवं डिझेल) इंजिन बसवलं. गाडी सुरू झाली, काटा मात्र ढिम्म. नव्या इंजिनाचा दोन पिनांचा सेन्सर फक्त ईसीयूशी (इंजिनाच्या कॉम्प्युटरशी) बोलतो. जुन्या मीटरला एका वायरचा सेंडर (तापमान मीटरला कळवणारा भाग) लागतो. दोन्ही एकाच वायरवर जोडू नका, ईसीयूचं रीडिंग बिघडतं.

जुनाच सेंडर अ‍ॅडॅप्टर घालून रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (पाइपमध्ये) लावला. होज रबरी, त्यातून सेंडरला अर्थिंग मिळत नाही, म्हणून अ‍ॅडॅप्टरपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत वेगळी अर्थिंग वायर ओढली. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको (मेकॅनिक हमखास गुंडाळतात!), त्यानं अर्थिंग तुटू शकतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) उघडेपर्यंत काटा खालीच राहतो.

शंका आली तर सेंडरची वायर क्षणभर गाडीच्या बॉडीला टेकवा. काटा चढला तर मीटर ठीक. आरसीवर नवा इंजिन नंबरही चढवून घ्या.