कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे ना, मग हे पाळा

सगळ्यात आधी एकच सांगतो, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आपल्या नागपुरात बरेच लोक हेच करून राहिले, तीन महिने घेतली, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल खाली आलं, मग आता काऊन घ्यायची म्हणतात. अहो पण ते खाली आलंच गोळीमुळे ना. लिव्हर स्वतः कोलेस्ट्रॉल बनवतं, स्टॅटिन म्हणजे हीच आपली गोळी ते बनवणारं एन्झाइम अडवते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडे परत जिथल्या तिथं, आणि ज्यांना अटॅक येऊन गेला किंवा स्टेंट टाकलाय त्यांना हे फार महागात पडू शकते.

दुसरं म्हणजे लॅबच्या कागदावरची नॉर्मल रेंज सगळ्यांना सारखीच छापलेली असते, तुमचं टार्गेट वेगळं असू शकते. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2024 मध्ये सांगितलंय की हार्टचा धोका कमी असलेल्यांनी एलडीएल 100 च्या खाली ठेवावं, जास्त धोका असेल तर 70 च्या खाली, आणि अटॅकवाल्या पेशंटसारखा खूपच जास्त धोका असेल तर 55 च्या खाली. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, माझा आकडा किती पाहिजे, आणि तो फाइलवर लिहून घ्या.

सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्ट्रॉलची तपासणी, एसजीपीटी म्हणजे लिव्हरची, शुगर आणि थायरॉइड तपासून घेतलेलं बरं. थायरॉइड कमी असलं तर कोलेस्ट्रॉल त्यानंच वाढते आणि गोळीनं अंग दुखायची शक्यताही वाढते. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांत परत लिपिड करायचं.

एटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालते, फक्त वेळ एकच ठेवा, सिमव्हास्टॅटिन मात्र रात्री. एखाद्या दिवशी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नका. आणि कॅप्सूलवर काय काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच कॅप्सूलमध्ये स्टॅटिनसोबत रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असते, वेगळी ॲस्पिरिन पण चालू असेल तर ती दोनदा पोटात जाते.

आता अंगदुखीचं, कारण लोक सगळ्यात जास्त यालाच घाबरतात. दोन्ही मांड्या, पोटऱ्या, खांदे दुखतात असं काही जणांना होते, खोटं नाही. पण 2020 मध्ये एक अभ्यास आला, त्यात त्रासामुळे गोळी सोडलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन दिली, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, तर स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्यातला 90 टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच असते, कारण मात्र दरवेळी गोळीच असते असं नाही. डॉक्टरांना सांगा, ते सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी करतील, डोस कमी करतील, दुसरी स्टॅटिन देतील किंवा इझेटिमाइब हे कोलेस्ट्रॉलचं दुसरं औषध जोडतील, रस्ते भरपूर आहेत. पण लघवी चहासारखी काळपट झाली, जिना चढवत नाही इतकी कमजोरी आली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो या आपल्या सरकारी हॉस्पिटलच्या नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. डोळे पिवळे झाले तरी वाट पाहत बसू नका, लगेच दाखवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा उन्हात जड काम करणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावं, नुसत्या उन्हानं आणि मेहनतीनंही स्नायूंना इजा होते. गोळ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

इतर औषधांचं तर नक्कीच पाहा. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल सर्रास लिहून देतात, खोकल्याच्या इन्फेक्शनला क्लॅरिथ्रोमायसिन देतात, या दोन्हींमुळे एटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन रक्तात खूप वाढू शकते. त्वचेच्या डॉक्टरला आपण हार्टच्या गोळ्या सांगतच नाही, गडबड तिथंच होते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दरवेळी दाखवा. ॲसिडिटीचं पांढरं सिरप रोसुव्हास्टॅटिन घेतल्यावर 2 तासांनी घ्या. आपली संत्री बिनधास्त खा, ग्रेपफ्रूट आणि चकोतरा मात्र टाळा.

शुगर थोडी वाढू शकते, जास्त करून जे आधीच बॉर्डरवर आहेत त्यांची, पण हार्टला होणारा फायदा त्याहून मोठा असतो, तेव्हा शुगर तपासत राहा आणि गोळी चालू ठेवा. मूल पाहिजे असेल किंवा दिवस राहिले असतील तर लगेच डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात साधारणपणे ही बंदच करतात, अंगावर पाजत असाल तरी घेत नाहीत. गोळी चालू आहे म्हणून रोज तर्री आणि सावजी चालेल असंही नाही.

आणि पैशामुळे कोणी गोळी सोडत असेल तर त्यांना जनऔषधी दुकानाचं जरूर सांगा, तिथं एटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दोन्ही बऱ्याच स्वस्त मिळतात, फक्त नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवून घ्या.