जुनी फौजी गाडी गोव्यात ठेवायची तर आधी तिच्याखाली झोपा

शक्तिमान, निस्सान वन टन नाहीतर जोंगा, जुनी मिलिटरीची गाडी दारात आली की लोक पहिलं काय करतात तर इंजिन रेस करून आवाजाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतात. इंजिनाचं नंतर बघू हो. शक्तिमान १९५९ पासून जर्मन मान कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला बनायचा, जोंगा म्हणजे जुन्या निस्सान पॅट्रोलची आपल्याकडची बहीण, ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, ऑइल-पाणी वेळेवर दिलं तर ही इंजिनं सहसा रडत नाहीत. गोव्यात गाडी मरते ती खालून. चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा, आणि डिचोली-सत्तरीकडे राहत असाल तर वर ती लाल माती, जी चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, चॅनेलमध्ये जाऊन बसते आणि चवथ (गणेश चतुर्थी) आली तरी आत ओलीच असते.

घेण्याआधी कागद बघा हे सांगायला नको, तरी सांगतो. लष्कराकडून निघालेल्या गाडीला फॉर्म २१ मधलं ओरिजिनल सेल सर्टिफिकेट लागतं, आणि चेसिस नंबर स्वतः घासून वाचा, कारण प्लेटवर रंगाचे इतके थर असतात की ३ आहे की ८ आहे ते कळत नाही.

आता खाली झोपा. जॅकवर भरवसा ठेवून नाही, खाली स्टँड लावून. छोटा हातोडा घ्या आणि चेसिसवर ठोकत जा. चांगला पत्रा टण् वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि लाल पापुद्रे तोंडावर पडतात, म्हणून चष्मा घाला. जास्त ठोकायचं ते पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी, क्रॉस मेंबरच्या जोडांत, पेट्रोल टाकीच्या मागे. गंज वायर ब्रशनं काढा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर, मग चेसिस पेंट. गंजावरच थेट अंडरबॉडी कोटिंग मारून घेणारे खूप आहेत, बाहेरून काळंभोर छान दिसतं आणि आत ओल कोंडून गाडी निवांत कुजत राहते. जळकं ऑइल फवारायची पद्धत पण सोडा, रबर बुश फुगतात, माती त्यालाच चिकटते आणि उरलेलं सगळं पावसात विहिरीकडे जातं.

आता जी गोष्ट कोणी बघत नाही ती, अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जायची वाट. डिफरन्शियलच्या, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या, वर एक बोटाच्या पेराएवढी टोपी असते, मातीनं बुजलेली असते म्हणून दिसतच नाही. गाडी चालून अ‍ॅक्सल गरम झालेला असतो, तुम्ही ओहोळात उतरवता, तो एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर अ‍ॅक्सल ऑइल सीलमधून पाणी ओढतो. मग काही आठवड्यांनी ड्रेन प्लग काढला की दुधाचा चहा बाहेर येतो, म्हणजे पाणी मिसळलेलं ऑइल. उपाय स्वस्तातला आहे, टोपीच्या जागी निपल बसवून रबरी पाइप वर इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत न्यायचा, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (चारी चाकांना जोर वाटणारा डबा) सगळ्यांना. माझ्या मते गोव्यात कुठलंही मॉडिफिकेशन करायच्या आधी हे करावं, लाईट बार वगैरे नंतर.

ऑइल भरताना दुकानदार देईल ते घेऊ नका. ईपी ९० हे गिअर ऑइल म्हटलं की संपलं असं नाही, त्यात जीएल-४, जीएल-५ असे दर्जे असतात, डिफरन्शियलला जीएल-५ चालेल पण पितळी सिंक्रो रिंगवाल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ च बरं, जीएल-५ मधली काही अ‍ॅडिटिव्ह पितळ खातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्या हवेत तर दरवर्षी बदलायचंच, आणि व्हील सिलिंडरचे रबर कप उघडून बघायचे. पेट्रोल गाडी असेल तर आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्यानं फुगतो, चिरतो, तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घाला आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा म्हणजे आत घाम धरायला जागा उरत नाही.

चाकांबद्दल थट्टा नको. बऱ्याच फौजी गाड्यांचे रिम दोन भागांचे, नटबोल्टनं जोडलेले किंवा लॉक रिंगवाले असतात. हवा असताना रिम जोडणारे नट सैल केले तर रिम उडतो आणि माणूस मरतो, हे अक्षरशः. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, हवा भरायची ती चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून. ट्यूबलेस कारचं पंक्चर काढणाऱ्या पोराकडे देऊ नका, उसगाव-तिस्कला, कुडचडे-सावर्ड्याला खाणीचे टिप्पर सांभाळलेले जुने मिस्त्री शोधा, पाटे चढवणं, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस बदलणं, लेथवर बुश काढून घेणं त्यांना सवयीचं आहे. आणि हो, कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून फिरू नका, ट्रान्समिशनला पीळ बसतो आणि मग लिव्हर सुटत नाही म्हणून बोंब.

वायरिंग २४ व्होल्टचं असेल तर म्युझिक सिस्टीमसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट चोरू नका, एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी उकळते. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, फ्यूजसकट लावा.

मोठ्या मॉडिफिकेशनचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. म्हणजे पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग पाना हातात. गाडी ५० वर्षांच्या वरची असेल आणि व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मूळ रूपाला हातच लावू नका, आणि ती गाडी रोज बाजाराला न्यायला मिळत नाही हेही लक्षात ठेवा. बीचवर घालू नका, दंड होतो ते वेगळंच, मीठ चेसिसमध्ये जातं ते जास्त महाग पडतं.

रंग राहिला. सगळ्यांना तो फौजी हिरवाच हवा असतो आणि पेंटवाला मिक्स करूनही देतो, पण ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणाला लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१. राखाडी घ्या, मातकट घ्या, आरसीवर जो लिहिलाय त्याच्याशी जुळवा, आणि काम मार्च-एप्रिलमध्ये उरका, जूनमध्ये प्रायमर सुकतच नाही.