ढोलापासून सुरुवात : पंजाबी लोकसंगीत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

पुण्यातील ढोल पथकात सलग पाच गणेशोत्सव वाजवल्यामुळे ढोल आपल्याला येतो, अशी माझी पक्की समजूत होती आणि ती बरोबर घेऊनच मी पदव्युत्तर अभ्यासासाठी पतियाळ्याला गेले. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. आपल्या पथकात ढोलाच्या एका अंगावर टिपरू पडते, दुसऱ्या अंगावर हाताची थापी पडते आणि बारीक, भरभर वाजणारे काम ताशा सांभाळतो. पंजाबी ढोलाच्या शेजारी ताशा नसतो. तेथे एकाच वादकाला दोन्ही कामे करावी लागतात: घुमणाऱ्या अंगावर ‘डग्गा’, म्हणजे टोकाकडे वाकवलेली जाड लाकडी काठी, आणि दुसऱ्या, तीव्र स्वराच्या अंगावर ‘तीली’, म्हणजे वेताची किंवा बांबूची लवचीक काडी. माझा डग्ग्याचा हात ठीक चालला. तीलीचा हात मात्र जणू आयुष्यात कधी वाद्याला लागलाच नव्हता.

हा लेख पंजाबी लोकसंगीत किंवा लोकनृत्य गंभीरपणे शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. माझे मत प्रारंभीच नोंदवते: नाचायचे असो, गायचे असो किंवा संशोधन करायचे असो, सुरुवात ढोल ऐकण्यापासून करावी. पंजाबला जाण्याआधी मी एका शहरी कार्यशाळेत तीन महिने ‘भांगडा’ शिकले होते. तेथे ध्वनिमुद्रित गाण्यांवर पावले बसवली जात, म्हणून संगीत ठरलेल्या क्षणी बदले आणि आम्ही मोजून ठेवलेल्या आकड्यावर पाऊल बदलत असू. प्रत्यक्षात नर्तकांना केव्हा वळायचे, केव्हा बसायचे आणि केव्हा वेग वाढवायचा हे ढोली सांगतो. तो ठेका बदलण्यापूर्वी एक छोटा तोडा वाजवून इशारा देतो, आणि जाणते नर्तक त्याच्या हाताकडे न पाहता तो इशारा कानाने उचलतात. मी तीन महिन्यांत पावले शिकले होते, पण त्या पावलांचा मालक कोण, हे मला कोणी सांगितले नव्हते.

माझे उस्तादजी बाजीगर समाजाचे होते. हा तपशील नवागताने समजून घेण्यासारखा आहे, कारण ढोलाचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे. फाळणीपूर्वी पंजाबातील ढोलवादनाचा मोठा भाग भराई या मुसलमान समाजाकडे होता. सखी सरवर या पिराच्या भक्तिपरंपरेशी त्यांचे नाते होते. १९४७ मध्ये बहुसंख्य भराई कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि पश्चिमेकडील, आज पाकिस्तानात असलेल्या ‘बार’ प्रदेशातून इकडे आलेल्या बाजीगरांनी ती जागा घेतली. बाजी म्हणजे कसरत. कसरतीचे खेळ करताना त्यांच्याकडे ढोल होताच. त्यामुळे आज भारतीय पंजाबातील अनेक नामवंत ढोली या समाजातून आलेले दिसतात, आणि ज्या वस्तीला शहरातील सुशिक्षित माणूस सहसा जात नाही, त्याच वस्तीत उत्तम विद्या मिळते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जेवढे वाचले, त्याहून अधिक त्या वस्तीतील बाजेवर बसून ऐकले.

मुलीला ढोल शिकवावा की नाही, याचा उस्तादजींनी आठवडाभर विचार केला. मग एके दिवशी त्यांनी गूळ, पगडीचे कापड आणि ऐपतीप्रमाणे भेट घेऊन यायला सांगितले. याला तेथे ‘उस्ताद धारना’ म्हणतात. हा विधी टाळून केवळ शुल्क भरून शिकण्याचा आग्रह धरू नये. एकदा शागीर्द म्हणून स्वीकारल्यावर उस्ताद आपला वेळ घड्याळाने मोजत नाही. त्या दिवसापासून ते मला ‘पुत्त’ म्हणू लागले. पंजाबात मुलीलाही प्रेमाने पुत्तच म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

पहिले दोन महिने मला ढोल खांद्याला लावू दिला गेला नाही. विटेवर तीली मारायची आणि तोंडाने बोल म्हणायचे, एवढेच काम होते. ताल एकच, ‘चाल’. कागदावर मांडला तर तो आठ मात्रांचा, आपल्या केरव्याच्या कुळातला दिसतो. परंतु त्यातील मात्रा समान अंतरावर पडत नाहीत. त्यांच्यात एक लचक असते, आणि त्या लचकेमुळेच नर्तकाचे खांदे आपोआप उचलले जातात. ही लचक लिहून दाखवता येत नाही. मी ती स्वरलेखनात पकडण्याचा बराच प्रयत्न केला आणि अखेर वही मिटली. चालीनंतर झूमर, लुड्डी, धमाल असे ठेके येतात, पण चाल अंगात मुरल्याशिवाय पुढे जाण्याची घाई करू नये.

ज्याला आपण रंगमंचावरचा ‘पारंपरिक’ भांगडा म्हणतो, तो किती जुना आहे, हा प्रश्न प्रत्येक नवागताने स्वतःला विचारावा. सियालकोट, गुजरांवाला, गुरदासपूर या पट्ट्यातील शेतकरी पुरुष वैशाखीच्या आसपास जो भांगडा करीत, तो मोकळ्या मैदानातील वर्तुळाकार नाच होता. त्याला प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहण्याची गरज नव्हती, कारण प्रेक्षकच वर्तुळात सामील होत. १९५० च्या दशकात पतियाळा व पूर्व पंजाब राज्यसंघ, म्हणजे ‘पेप्सू’ अस्तित्वात असताना, सुनामच्या दीपक कुटुंबातील मनोहर दीपक व त्यांचे बंधू आणि ढोलवादक भाना राम यांच्या पथकाने या नाचाला रंगमंचाचे रूप दिले. १९५४ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीत ते देशापुढे आले. या रूपात केवळ भांगडा नव्हता. लुड्डी, झूमर अशा वेगवेगळ्या भागांतील नाचांच्या हालचाली त्यात एकत्र गुंफल्या गेल्या आणि त्या सर्वांना एकच नाव मिळाले. हे समजल्यावर माझा थोडा हिरमोड झाला होता. आता वाटते की फाळणीत निम्मा मुलूख गमावलेल्या लोकांनी सात-आठ वर्षांत इतके देखणे काही उभे केले, हेच अधिक विलक्षण आहे. तथापि संशोधन करणाऱ्याने ‘शतकानुशतके चालत आलेला भांगडा’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी थांबावे.

म्हणूनच प्रदेशवार शिकणे महत्त्वाचे आहे. सतलजच्या दक्षिणेकडील माळव्यात, एरवी स्त्रियांचा मानला जाणारा गिद्धा हा नाच पुरुष करतात; तो ‘मालवई गिद्धा’, ज्यात उड्यांपेक्षा बोलींना, म्हणजे खोडकर लोकपद्यांना, अधिक मान असतो आणि उतारवयातले गडी तरुणांना सहज मागे टाकतात. लुधियाना जिल्ह्यातील छपारच्या जत्रेचा या बोलींशी जुना संबंध आहे. झूमर हा बार प्रदेशाचा संथ, डोलणारा नाच फाळणीनंतर विस्थापितांबरोबर फाजिल्का परिसरात रुजला. सम्मी हा त्याच बाजूच्या स्त्रियांचा, लोककथेतील सम्मी नावाच्या नायिकेवरून ओळखला जाणारा नाच असून त्याची गती इतकी हळुवार असते की भांगड्याला सरावलेल्या डोळ्यांना तो प्रथम कंटाळवाणा वाटतो. मला वाटला होता. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा हातांच्या हालचालीत ती सम्मी दिसू लागली.

भाषेकडे दुर्लक्ष करू नये. गुरुमुखी लिपी मराठी वाचकाला तीन-चार आठवड्यांत येते. अडचण उच्चारांची आहे. पंजाबी भाषेत स्वराघात अर्थ बदलतो आणि घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरे आपल्यासारखी महाप्राण उच्चारली जात नाहीत. ‘ढोल’ हा शब्द खालच्या पट्टीत उच्चारलेल्या ‘टोल’सारखा, तर ‘भंगडा’ हा ‘पंगडा’सारखा ऐकू येतो. बोली म्हणताना हे आघात चुकले तर ताल बरोबर असूनही ऐकणाऱ्या आजीबाई हसतात. आणखी एक गंमत: पंजाबीत भांगडा किंवा गिद्धा ‘करत’ नाहीत, तो ‘पाउंदे’, म्हणजे घालतात, बोलीही घालतात. फुगडी आणि पिंगा घालणाऱ्या भाषेतून आलेल्या मला हे क्रियापद पहिल्या दिवसापासून घरचे वाटले.

हे साम्य क्रियापदापुरते नाही. दोन मुलींनी हातांची अढी घालून गरगर फिरण्याच्या खेळाला तेथे ‘किकली’ म्हणतात आणि ती थेट आपली फुगडी आहे. सावन महिन्यातील ‘तीआं’ या उत्सवात माहेरी आलेल्या मुली झोके घेतात आणि गिद्धा घालतात, तेव्हा श्रावणातील मंगळागौर न आठवणे अशक्य असते. गिद्ध्याचा मुख्य आधार टाळी आहे. फार तर जोडीला एखादी ढोलकी. एकजण लांबलचक बोली सुरू करते, शेवटची ओळ, म्हणजे ‘तोडा’, सर्वजणी उचलतात आणि तेवढ्या वेळात वर्तुळातून दोघी पुढे येऊन नाचून जातात. सासू, नणंद, परदेशी गेलेला नवरा, कोणाचीही त्यातून सुटका नसते. ज्यांना या गीतांचा अभ्यास करायचा आहे त्यांनी लग्नघरातील वधूपक्षाची सुहाग गीते, वरपक्षाची ‘घोड्या’ नावाची गीते आणि व्याह्यांना शिव्या देणाऱ्या सिठणीआं या क्रमाने ऐकावे. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी घरातील ज्येष्ठ स्त्रीची परवानगी घ्यावी. सिठणीआं तर यंत्र बंद केल्यावरच खऱ्या रंगतात.

इतर वाद्यांपैकी तुंबी सर्वांत परिचित आहे. एकच तार असल्याने मराठी माणूस तिला लगेच तुणतुणे म्हणतो, आणि मीही म्हणाले होते. तुणतुणे मात्र एका स्वराचा आधार आणि लय देते, तर तुंबीवर बोटाने तार दाबून चढ्या आवाजात छोटी धून वाजवली जाते. गायक लालचंद यमला जट्ट (निधन १९९१) यांनी हे वाद्य घरोघरी पोहोचवले. बुगचू पाहिल्यावर मला यल्लम्माच्या भक्तांचे चौंडके आठवले, कारण दोन्हींत एका अंगाला कातडे असते आणि तार कमीजास्त ताणून स्वर वाकवला जातो. सप्प, म्हणजे जाळीसारखी उघडमीट करणारी लाकडी चौकट, आणि काटो, म्हणजे दोरी ओढली की डोके व शेपूट हलवणारी लाकडी खार, ही वाद्ये हातात घेतली की कोणीही लगेच वाजवू लागतो. अलगोज्याचे तसे नाही. दोन बासऱ्या एकाच वेळी तोंडात धरून श्वास न तोडता वाजवण्यासाठी वर्षे लागतात, आणि तो शिकवणारे आता मोजकेच उरले आहेत. ढड्ड, म्हणजे डमरूसारखे छोटे वाद्य, आणि सारंगी ही ढाडी जथ्यांची, म्हणजे वीरगाथा गाणाऱ्या पथकांची वाद्ये. शीख परंपरेत ढाडींना गुरू हरगोबिंदांच्या काळापासून मान आहे. ढाडी ऐकण्यासाठी मी गुरदासपूरकडे गेले, तेव्हा नामदेवांच्या घुमान गावात माझी मराठी ऐकून लोकांनी ज्या आपुलकीने चहा पाजला, ती २०१५ च्या साहित्य संमेलनाआधीपासूनची, कित्येक शतकांची ठेव आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने पतियाळ्याचे पंजाबी विद्यापीठ सोयीचे आहे, कारण तेथे संगीत आणि नृत्य या दोन्हींचे विभाग आहेत आणि त्याच शहरात उत्तर क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही आहे. महाविद्यालयांचे युवक महोत्सव आवर्जून पाहावेत. स्पर्धेपेक्षा रंगमंचामागील सराव अधिक शिकवतो. १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची, दरमहा ₹५,००० ची शिष्यवृत्ती आहे. अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासून घ्याव्यात. उत्पन्नाबाबत भ्रम नसावा. बहुतेक ढोली लग्नांवर जगतात, ठरलेल्या बिदागीपेक्षा ओवाळून टाकलेल्या नोटांवर, म्हणजे ‘वेलां’वर, त्यांचा भरवसा असतो, आणि आता डीजेमुळे तोही घटला आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला अध्यापन, नृत्यपथकांचे प्रशिक्षण आणि दस्तावेजीकरण हे मार्ग अधिक खुले आहेत, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांना अशा कामात मानधनासह सहभागी करून घेणे हा साधा व्यवहार आहे.

शेवटी वाद्यखरेदीविषयी. पहिला ढोल उस्तादांबरोबर जाऊनच घ्यावा. आंब्याच्या लाकडाचा ढोल हलका आणि स्वस्त असतो. टाहलीचा, म्हणजे शिसवीचा, जड असतो, पण त्याची घुमारी वेगळीच. तीलीच्या अंगाला आता बहुधा कृत्रिम पडदा असतो आणि तो टिकतोही. डग्ग्याच्या अंगाला मात्र कातडेच घ्यावे. कानांसाठी बोळे वापरावेत, कारण बंद खोलीतला रोजचा रियाज ऐकण्याची शक्ती खरोखर कमी करतो. माझा टाहलीचा ढोल पुण्यात आणल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कातडे सैल पडले. उस्तादजींना दूरध्वनी केला, तर त्यांनी ढोल वाजवून ऐकवायला सांगितला, थोडे थांबले आणि म्हणाले, “कातड्याचं नंतर बघू, पुत्त. तुझी तीली घाई करते आहे.”