गोडाऊनमधला उरलेला माल दान करायचाय? मग असं करा

सीझन संपला, सेल लावून झाला, आउटलेटलाही पाठवून झालं तरी कपड्या-बुटांचे काही बॉक्स उरतातच आणि मग मीटिंगमधे कुणीतरी म्हणतं देऊन टाकू कुठल्यातरी संस्थेला. जरूर द्या, बर्बेरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडसारखं जाळण्यापेक्षा लाख पटीने बरं (एका वर्षात २.८६ कोटी पाउंडांचा माल नष्ट केला हे २०१८ मधे बाहेर आलं, मग एवढी बोंब झाली की त्यांना ते बंदच करावं लागलं). फक्त ते "कुठल्यातरी" तेवढं काढा.

ट्रक बोलवायच्या आधी संस्थेला फोन करा आणि यादी पाठवा, कुठला माल, कुठले साइझ, किती नग, जमलं तर फोटो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीच्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, कारण देणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं. क्रॉप टॉप आणि पार्टीवेअर ऊसतोडीच्या फडावर कोण घालणार सांगा? तिथे पूर्ण बाह्यांचे शर्ट, सुती कापड, स्वेटर, पोरांचे कपडे चालतात. गूंजसारख्या संस्था गावातल्या लोकांनी ठरवलेल्या कामाच्या बदल्यात कपडे देतात, म्हणजे दान म्हणून न देता मोबदला म्हणून, आणि त्यांच्याकडे छाननी करायची यंत्रणा असते. छोट्या संस्थेकडे ती नसते, तिथे छाननी तुम्हीच करून द्या.

छाननी म्हणजे काय, तर डाग, तुटलेली चेन, उसवलेली शिवण बाजूला काढायची, आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरात साइझ नि नग लिहायचे. इनरवेअर फक्त सीलबंद.

चपला-बुटांचं जरा वेगळं असतं आणि इथेच जास्त घोळ होतो. पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचं फोमसारखं प्लास्टिक) सोलचे बूट दमट गोडाऊनमधे काही वर्षं पडले की वरून नवे कोरे दिसतात पण सोल आतून कुजलेला असतो, घालून चार पावलं टाकली की भुगा, आपल्या मुंबई-कोकणच्या हवेत तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक लॉटमधली एक-दोन जोडी बाहेर काढून सोल वाकवून बघा, अंगठ्याने दाबून बघा. तडा गेला तर तो लॉट देऊ नका. डिस्प्लेचे बूट बहुतेक एकाच पायाचे असतात, ते जोडीत घुसलेत का तेही बघा, आणि जोडी लेसने बांधूनच पाठवा. वापरलेले बूट असतील तर ग्रीनसोल ही संस्था त्यातून चपला बनवते, त्यांना विचारा.

आता कागदपत्रं. फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे उलटवावं लागतं, हे सीएशी आधीच बोलून घ्या, मार्चमधे नको. फुकट असला तरी डिलिव्हरी चलन लागतं, आणि मालाची किंमत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर किंवा राज्याबाहेर ५० हजारांच्या वर गेली तर ई-वे बिलसुद्धा (माल वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद). ८०जी ची (देणगीवरची इन्कम टॅक्सची) सूट फक्त पैशातल्या देणगीला आहे, वस्तूला नाही, त्यामुळे पावती मिळाली म्हणून टॅक्स वाचला असं समजू नका. सीएसआरच्या (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायच्या खर्चाच्या) २ टक्क्यांतही या मालाची किंमत लावून दाखवता येत नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाने तसं स्पष्ट केलंय (एचआरवाल्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड).

ब्रँडवाल्यांची भीती एकच, माल परत बाजारात येईल आणि कुणीतरी तो एक्सचेंजला घेऊन दुकानात येईल. त्यासाठी किमतीचे टॅग आणि बारकोड काढा, आतल्या लेबलवर न पुसणाऱ्या शाईने "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारा, आणि संस्थेकडून एका पानावर लिहून घ्या की विकणार नाही, कुठल्या जिल्ह्यात वाटलं ते कळवू. कपड्याला कात्री लावू नका हो, लोक खरंच तसं करतात.

आणि फोटो हवाच असेल तर गोडाऊनमधे ट्रक भरतानाचा काढा, कपडे घेणाऱ्यांना बॅनरसमोर उभं करायची गरज नाही.