सोलापूरचा रकाना चुकतो: घर हलवण्याआधी या चुका टाळा

पुण्याला बदली ठरली तेव्हा मी वहीच्या एका पानावर उभी रेघ मारली. डावीकडे सोलापूर, उजवीकडे पुणे. भाडं, किराणा, पेट्रोल, शाळा. उजवीकडची बेरीज नव्या पगारात आरामात बसत होती. तिसऱ्या महिन्यात बसेनाशी झाली. वही पुन्हा काढली तर पुण्याचे आकडे जवळपास बरोबर निघाले. चुकला होता तो सोलापूरचा रकाना. तेव्हापासून ओळखीत कुणी घर हलवतंय म्हटलं की मी आधी त्यांचा डावा रकाना बघतो.

फुकट येतं ते लिहिलंच जात नाही

आमच्याकडे ज्वारी विकत आणायचा प्रश्नच नव्हता. सुगी झाली की मंगळवेढ्याहून सासरे मालदांडीची दोन पोती पाठवायचे. शेंगाचटणी आईच्या हातची. मुलीला शाळेतून आणायला आजोबा, बायकोला उशीर झाला तर जेवण खालच्या मजल्यावर काकूंकडे. वहीत या सगळ्यापुढे शून्य. पुण्यात ज्वारी किलोवर आली, चटणी पाकिटातून आली आणि आजोबांच्या जागी पाळणाघर आलं. घरखर्चातली सगळ्यात मोठी अनपेक्षित रक्कम तीच होती.

म्हणून निघण्याआधी एक महिना घरात येणारी प्रत्येक वस्तू आणि मदत लिहा, पैसे दिलेले असोत वा नसोत. समोर नव्या गावातली किंमत टाका. स्वतःचं घर असेल तर आणखी एक ओळ वाढवा. बंद घराचा मालमत्ता कर भरावाच लागतो, विजेच्या बिलात स्थिर आकार येत राहतो आणि महिन्यातून एकदा कुणीतरी दार उघडून झाडलोट करावी लागते.

‘तिकडं सगळं दीडपट’

हे वाक्य कट्ट्यावर ठीक आहे, हिशोबात नाही. गॅस सिलिंडर, मोबाइलचा रिचार्ज, औषधांवर छापलेली किंमत, कर्जाचा हप्ता यांत गाव बदलल्याने फारसा फरक पडत नाही. समजा सोलापुरात भाडं ८,००० रुपये, किराणा-भाजी ७,०००, प्रवास १,५०० आणि गॅस, फोन, हप्ते मिळून ६,००० आहेत. एकूण २२,५००. नव्या गावात भाडं १८,०००, किराणा ७,५००, प्रवास ४,००० आणि शेवटचे ६,००० तसेच राहिले, तर ३५,५०० होतात. वाढले १३,०००, त्यातले १०,००० एकट्या भाड्याचे. किराण्यात वाचवायची कितीही शपथ घेतली तरी हातात पाचशेच येणार. कामाच्या जवळची छोटी खोली बघितली तर भाडं आणि प्रवास दोन्ही हलतात. डोकं तिथं लावा.

केंद्र सरकारी नोकरी असेल तर घरभाडे भत्त्यावर विसंबू नका. या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेत. सातव्या वेतन आयोगाच्या हिशोबात सोलापूर ‘वाय’ वर्गात येतं, पुणे ‘एक्स’ वर्गात. २०२४ पासून या दोन वर्गांत भत्ता अनुक्रमे मूळ वेतनाच्या २० आणि ३० टक्के आहे. मूळ वेतन ४०,००० असेल तर भत्ता ८,००० वरून १२,००० होतो. वाढ चारच हजारांची. वरच्या उदाहरणातलं भाडं दहा हजारांनी वाढलं होतं.

पेंडी आणि जुडी

मेथीची पेंडी आपल्याकडे केवढी आणि तिकडची जुडी केवढी, हे न बघताच दर सांगितले जातात. मी एकदा दोन्ही वजनकाट्यावर ठेवल्या. दर सारखाच होता, पण पुण्यातली जुडी निवडल्यावर भाजी एका माणसाला कमी पडली. दुधाचंही तसंच. गवळ्याच्या रतिबाचं म्हशीचं दूध आणि पिशवीतलं गाईचं दूध एका ओळीत लिहिलं की तुलना संपली. घराचंही तेच. टू-बीएचके म्हणजे किती चौरस फूट, ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंती धरून), मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारल्याशिवाय आकडा लिहू नका.

एकाच महिन्याचं बिल

पुण्याहून सोलापूरला येणारे इथं हमखास फसतात. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास घर बघायला येतात. हवा छान, बिल कमी. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की कूलर आणि एसी रात्रभर चालतात. महावितरणचे दर दोन्ही शहरांत तेच आहेत, पण वापर वाढला की वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात. घरमालकाकडून मे महिन्याचं बिल मागून घ्या.

पाण्याचं तर विचारायलाच हवं. सोलापूरला उजनी धरणातून शंभरेक किलोमीटरवरून पाणी येतं आणि ते रोज येत नाही. ‘पाणी येतं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. किती दिवसाआड येतं, किती वाजता येतं, हौद केवढा आहे आणि टँकर कधी मागवावा लागतो, हे विचारा. घरमालकापेक्षा शेजारच्या बाईंना विचारलेलं बरं. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतलं उत्तर आणि जुन्या पेठेतलं उत्तर एकच असेल असं धरून चालू नका.

महागाईचा निर्देशांक चुकीच्या कामाला लावणं

सुशिक्षितांची खास चूक. एका शहराचा ग्राहक किंमत निर्देशांक १४० आणि दुसऱ्याचा १५० दिसला की दुसरं शहर महाग असं म्हणतात. औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकात २०१६ साल म्हणजे १०० धरतात, आणि प्रत्येक केंद्राची, म्हणजे जिथल्या किमती मोजतात त्या शहराची, तुलना त्याच्या स्वतःच्या २०१६ शी होते. १५० म्हणजे तिथं किमती त्या सालापेक्षा दीडपट झाल्या, एवढंच. मुळात स्वस्त असलेलं गावही १५० वर असू शकतं. इंटरनेटवरच्या तुलनेच्या साइटही जपून वापरा. लोकांनीच भरलेल्या आकड्यांवर त्या चालतात, आणि त्यांच्या टोपलीत आपली ज्वारी क्वचितच असते.

जाऊन झालंय आणि महिना पुरत नाही?

आधी एकदाचे खर्च बाजूला काढा. डिपॉझिट, दलाली, भाडेकराराची नोंदणी, टेम्पो, पडदे हे दर महिन्याला येणार नाहीत. डिपॉझिट तर परत यायचं आहे. उरलेल्यात गावच्या फेऱ्या वेगळ्या लिहा. आमच्या गळतीचं दुसरं भोक तिथं सापडलं. दर पंधरा दिवसांनी चौघांची हुतात्मा एक्स्प्रेस, स्टेशनला यायला-जायला रिक्षा आणि वर खाऊ. आता महिन्यातून एकदा जातो आणि येताना कडक भाकरीची चवड आणि दहा किलो ज्वारी घेऊन येतो. पोतं चढवायला हमाल लागतो, म्हणून दहाच.