दारू सोडल्यावर आरटीएमएस किंवा टीडीसीएस घ्यायचं ठरवलंत, तर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. दारू सोडायला आलेल्यांची स्मरणशक्ती, लक्ष आणि स्वतःला आवरण्याची क्षमता तपासणं हे माझं रोजचं काम. आता त्यांतले काही जण मेंदूला बाहेरून उत्तेजन देणारे उपचार घेतात: आरटीएमएसमध्ये डोक्यावर यंत्र धरून चुंबकीय स्पंद देतात, टीडीसीएसमध्ये सौम्य वीजप्रवाह. "मशीननं डोकं पहिल्यासारखं चालेल का?" असं घरचे विचारतात, तेव्हा मी आधी शेवटचा घोट कधी घेतला ते विचारते.

दारू थांबल्यावर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येण्याचा धोका मोठा असतो. आरटीएमएसच्या चुंबकीय स्पंदांनीही क्वचित आकडी येते. म्हणून थरथर, घाम, भास पूर्ण थांबेपर्यंत घाई करू नका. डायझेपाम, लोराझेपामसारख्या गोळ्या चालू आहेत की कमी होताहेत, ते सांगा. स्पंदाचा जोर 'मोटर थ्रेशोल्ड'वरून, म्हणजे हाताचा स्नायू जेमतेम हलेल त्या पातळीवरून ठरतो. गोळ्या बदलल्या की ही पातळीही बदलू शकते, तेव्हा ती पुन्हा मोजायला लावा. पूर्वीची आकडी, डोक्यातली धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), पेसमेकर यांतलं काहीही लपवू नका.

चाल डगमगते, डोळे नीट फिरत नाहीत, माणूस गोंधळलेला आहे? मग मशीनचा विषय बाजूला ठेवून तातडीनं दवाखाना गाठा. ही थायमिनच्या, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणं असू शकतात आणि त्यावर इंजेक्शनच लागतं.

आता मोजमाप. यात सगळ्यात जास्त फसगत होते. दारू सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बुद्धी आपोआपच बरीच सावरते. तिसऱ्या दिवशी चाचणी घेतली आणि महिन्याभरानं पुन्हा घेतली, तर सगळं श्रेय मशीनला जातं. मी दोन-तीन आठवडे दारूविना गेल्यावरच पहिली चाचणी घ्या म्हणते. आकडे उलटे म्हणणं, अंक आणि अक्षरं आळीपाळीनं जोडणं, ठरावीक खूण दिसली की बटण न दाबणं, एवढ्यातून पुष्कळ कळतं. पुढच्या वेळी स्मरणशक्तीच्या चाचणीतली शब्दांची यादी वेगळी मागा, नाहीतर सरावानंच गुण वाढतात. झोप नीट झालेली असावी. घरी एक वही ठेवा: आठवण न करून देता गोळ्या घेतल्या का, तोच प्रश्न किती वेळा विचारला, हिशेब मध्येच सुटला का. मला गुणांइतकीच ही वही लागते.

टीडीसीएसमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधून १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह साधारण २० मिनिटं कपाळाच्या वरच्या भागातून जातो. मुंग्या, खाज चालेल. भाजल्यासारखं वाटलं तर लगेच बोला, स्पंज सुकला असेल. बॅटरी जोडून घरी यंत्र बनवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या वेळात मोबाईल बघण्यापेक्षा स्मरणशक्तीचे व्यायाम मिळतील का, हे मी तरी नक्की विचारेन.

फायद्याचे पुरावे अजून संमिश्र आहेत: काही अभ्यासांत कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता सुधारली, काहींत खोट्या उत्तेजनाएवढाच, म्हणजे यंत्र नुसतं लावल्याचं भासवल्याएवढाच फरक पडला. अमेरिकेतली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं आरटीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि धूम्रपान सोडण्यासाठी २०२० मध्ये मान्यता दिली. त्या मान्यता दारूसाठी नव्हत्या. म्हणून औषधं आणि समुपदेशन चालूच राहू द्या.

मध्येच पिणं झालं, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. त्या दिवसाचं सत्र पुढे ढकलता येतं, उपचार बंद करावे लागत नाहीत.